आधी वाटण बघा, मग वाईन

आवळा नीट चावून खा आणि वर गार पाणी प्या. पाणी गोड लागतं. पेढा खाल्ल्यावर लगेच चहाचा घोट घ्या. मघाशी बेताचा गोड असलेला तोच चहा आता फिका लागतो. पाणी तेच, चहाही तोच. बदललेली असते जीभ. कोणत्या जेवणाबरोबर कोणती वाईन घ्यावी हा विषय पुष्कळांना जड वाटतो, पण त्याच्या मुळाशी एवढंच आहे: आधीचा घास जीभ बदलून जातो आणि पुढचा घोट त्या बदललेल्या जिभेवर पडतो.

मला हे उमगलं ते एका फसलेल्या जेवणात. आमच्याकडे नाशिकला मुंबईचे पाहुणे आले होते. मी सुरमईचं कालवण केलं होतं आणि त्यांनी येताना रेड वाईनची बाटली आणली. जेवणाआधी नुसती घेतली तेव्हा वाईन छान होती. कालवणाचा घास खाऊन घोट घेतला आणि तोंडभर एक धातूसारखी उग्र चव पसरली. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक राहिलं की माझी आजी "कळकलं" म्हणायची, अगदी ती चव. सगळ्यांनी बाटलीला दोष दिला. मला मात्र चैन पडेना, म्हणून उरलेली वाईन फ्रीजमध्ये ठेवली आणि दुसऱ्या रात्री सुक्या मटणाबरोबर घेऊन बघितली. पुन्हा छान! बाटलीचा काहीच दोष नव्हता. रेड वाईनमध्ये लोहाचा अंश असतो आणि माशातल्या स्निग्धांशाशी त्याची गाठ पडली की ही कळकट चव तयार होते. लोह जास्त, मासा तेलकट, तर कळकटपणाही जास्त.

"मासे-चिकनबरोबर व्हाईट, मटणाबरोबर रेड" हे सूत्र सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते अर्धवट आहे. युरोपात मासा लोणी-लिंबात शिजतो, तिथे ते चालून जातं. आपल्याकडे एकच कोळंबी कधी नारळाच्या दुधात असते, कधी चिंचेच्या कोळात, कधी लाल तिखटात. म्हणून माझं म्हणणं असं, की भांड्यात मासा आहे की मटण हे नंतर बघा. आधी वाटण काय आहे ते बघा.

समजावून सांगण्यासाठी मी एकाच वायनरीच्या बाटल्या घेते, आमच्या गंगापूर धरणाजवळच्या सुलाच्या. त्या महाराष्ट्रात सहज मिळतात आणि हलक्या व्हाईटपासून जेवणानंतरच्या गोड वाईनपर्यंत सगळे प्रकार एका छताखाली सापडतात. हीच मांडणी यॉर्क, ग्रोव्हर झम्पा, दिंडोरीची शांदों किंवा अकलूजची फ्रातेल्ली यांच्या बाटल्यांनाही लावता येईल.

घोटात काय काय असतं

चवीपुरतं बोलायचं तर वाईनमध्ये चार गोष्टी शोधायच्या: आंबटपणा, साखर, तुरटपणा आणि मद्यार्क. आपल्या षड्रसांत आंबट, गोड आणि तुरट हे तिन्ही रस पहिल्यापासून आहेत, त्यामुळे आपल्याला हे वेगळं शिकावं लागत नाही.

द्राक्षातला आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचा. चिंचेत जे आम्ल असतं तेच हे. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचं बरंच सोपं होतं, कारण चिंचेची जात आपल्या जिभेला परकी नाही.

साखरेचं गणितही साधं आहे. द्राक्षरसातली साखर यीस्ट खातं आणि तिचा मद्यार्क करतं. सगळी साखर संपेपर्यंत आंबू दिलं की वाईन 'ड्राय' होते, म्हणजे गोडवा नसलेली. मध्येच थांबवलं की थोडी साखर शिल्लक राहते. आपल्यातल्या अनेकांनी आयुष्यातली पहिली वाईन गोव्यात चाखलेली असते, 'पोर्ट' नावानं मिळणारी गोड लाल वाईन. त्या आठवणीवर पुढे कुणी ड्राय रेड हातात दिली की तोंड वाकडं होतं. त्यात चव न कळण्याचा भाग नाही. जीभ साखरेची वाट बघत असते आणि ती येत नाही, इतकंच.

टॅनिन म्हणजे आपला तुरट. जांभळं खाल्ल्यावर, कोरा चहा फार उकळल्यावर, सुपारी चघळल्यावर जीभ जशी आक्रसते, तसं. द्राक्षाच्या सालीत, बियांत आणि देठांत तो असतो. लाळेतल्या प्रथिनांना तो चिकटतो, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं. व्हाईट वाईन करताना द्राक्षं दाबून रस लगेच सालीपासून वेगळा करतात, म्हणून तिच्यात तुरटपणा नगण्य. रेड वाईन सालीसकट आंबवतात. तिचा रंग आणि तुरटपणा दोन्ही सालीतून येतात. काळ्या द्राक्षाचा रस सालीबरोबर थोडेच तास ठेवून काढून घेतला की गुलाबी रोझे मिळते.

राहिला मद्यार्क. साध्या वाईनमध्ये तो साधारण १२ ते १४ टक्के असतो. "वाईन म्हणजे काही दारू नव्हे" असं सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही. मद्यार्क तोच असतो, प्रमाण तेवढं कमी. हा सगळा लेख जेवणाबरोबर सावकाश घेतलेल्या एखाद्या ग्लासापुरता आहे. जो घेत नाही त्याला कधीही आग्रह करू नये, आणि ज्याला गाडी चालवत परत जायचं आहे त्याला तर मुळीच नाही.

बागेत ठरणारी चव

माझ्या मामेभावाची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. बहुतेक थॉमसन, खायची द्राक्षं; आणि दीड एकर शिराझ, वाईनची. एका फेब्रुवारीत मी काढणीला गेले होते. पहाटेचे साडेपाच, अंगात स्वेटर, आणि कपाळाला बॅटरी बांधलेल्या बायका कात्रीनं घड कापून क्रेटमध्ये ठेवत होत्या. खायच्या द्राक्षाच्या मानानं शिराझचा मणी किती लहान, वाटाण्याहून जेमतेम मोठा. साल जाड, आत बिया. मी एक चावला तर आधी गोड, मग आंबट, आणि शेवटी बी चावली गेल्यावर जांभळासारखा तुरट. बोटं जांभळी झाली ती दोन दिवस तशीच राहिली. भावानं एक मणी पिळून साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकला, उजाडत्या आकाशाकडे धरून डोळा लावला आणि म्हणाला, "तेवीस ब्रिक्स. आज काढलाच पाहिजे." तेवीस ब्रिक्स म्हणजे रसात सुमारे २३ टक्के साखर, त्यातून १३ टक्क्यांच्या आसपास मद्यार्काची वाईन होते. खायची द्राक्षं यापेक्षा पुष्कळ कमी साखरेवर उतरवतात.

पहाटेची घाई कशासाठी? तर उन्हात तापलेली द्राक्षं क्रेटमध्येच आंबायला लागतात आणि त्यांचा ताजा वास उडतो. फ्रान्समध्ये काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. आपल्याकडे तेव्हा पाऊस जेमतेम सरत असतो. म्हणून इथे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पाऊस ओसरताना गोडी छाटणी. दुसरीनंतर येणारा माल थंडीत पिकतो. नाशिकची जानेवारीतली थंड रात्र द्राक्षातलं आम्ल राखून ठेवते. मार्चचं ऊन लागलं की आम्ल भराभर उतरतं आणि साखर चढत जाते. म्हणून व्हाईट वाईनची द्राक्षं आधी काढतात आणि रेडची मागाहून.

हे सगळं इथे रुजलं त्याला फार वर्षं झालेली नाहीत. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फसफसणारी वाईन करून दाखवली होती. नाशिकचं चित्र पालटलं ते राजीव सामंत यांच्यापासून. स्टॅनफर्डला शिकून अमेरिकेत ऑरेकलमध्ये नोकरी करणारा हा माणूस परत आला, घरच्या जमिनीत वाईनची द्राक्षं लावली, कॅलिफोर्नियाच्या केरी डॅम्स्की यांना वाईन करण्यासाठी सोबत घेतलं, आणि २००० साली पहिल्या बाटल्या बाजारात आणल्या. आईचं नाव सुलभा, म्हणून वायनरी सुला. २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झालं, आणि २०१० मध्ये 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन मिळालं.

व्हाईट: लिंबू आणि आमटी

सुलाच्या त्या पहिल्या बाटल्यांत दोन व्हाईट होत्या, सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ. लेबल वाचताना आपण चेनिन ब्लँक म्हणतो, तीच ही. दोन्ही मूळच्या फ्रान्सच्या, पण स्वभाव अगदी वेगळे.

सोव्हिन्याँ ब्लाँचा ग्लास नाकाशी धरा. नुकत्याच चिरलेल्या ढोबळी मिरचीचा वास येतो. ही कल्पना नव्हे; पायराझिन जातीचं जे द्रव्य ढोबळी मिरचीला तिचा वास देतं, तेच या द्राक्षातही असतं. वाईन ड्राय आणि चांगली आंबट. तिला लिंबाची फोड समजा. ज्या पदार्थावर तुमचा हात आपोआप लिंबू पिळायला जातो, त्याच्याबरोबर ही वाईन बसते: रवा लावून तळलेलं पापलेट, कोथिंबीर वडी, पुदिना-कोथिंबिरीच्या हिरव्या वाटणातली कोंबडी. तळणीचं तेल जिभेवर चढलेलं असतं, आंबट घोट ते उतरवतो. हिरव्या वासाला हिरवा वास मिळतो, तो वेगळा आनंद.

इथे एक नियम येतो. ताटातला पदार्थ वाईनपेक्षा जास्त आंबट असेल, तर वाईन पाणीदार लागते. कोकमाचं सार पिऊन वाईनचा घोट घेऊन बघा, तिच्यातला जीवच गेलेला असतो. म्हणून आंबट जेवणाला आंबट वाईन. गोव्याच्या विंदालूत व्हिनेगर असतं. त्या पदार्थाचं नावच पोर्तुगीजांच्या वाईन-लसणाच्या मुरवणावरून आलेलं आहे. त्याच्याबरोबर कमी आंबट वाईन उभी राहू शकत नाही.

शेनिन ब्लाँ ही माझी सगळ्यात आवडती. तिच्यात आंबटपणा आहे आणि वर थोडी साखर शिल्लक ठेवलेली आहे. आता आपली आमटी आठवा. चिंचेचा कोळ घालतो आणि तो टोचू नये म्हणून गुळाचा खडा. शेनिनमध्ये तेच आहे: चिंचेतलंच आम्ल आणि त्याला सांभाळणारा गोडवा. हे माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मी अळूचं फदफदं केलं होतं, दाणे-खोबऱ्याचे काप घालून. घास आंबट-गोड, घोट आंबट-गोड, आणि दोन्ही एकमेकांत असे मिसळले की कोण कुठे संपलं ते सांगता येईना. चिंच-गूळ घातलेली भरली वांगी, वालाचं बिरडं, कोळंबीचं कालवण, कैरीची डाळ, या सगळ्यांना ती साथ देते. ब्राह्मणी वळणाच्या, गोडा मसाल्याच्या स्वयंपाकाला तिच्याइतकी जवळची दुसरी वाईन मला सापडलेली नाही. रिस्लिंगही याच वाटेवरची, फुलांच्या वासाची.

व्हिओन्येचं वेगळं. दिंडोरी रिझर्व्ह या नावाखाली सुला ती करते. तिला जर्दाळूचा, फुलांचा वास, अंगानं भरीव आणि आंबटपणा बेताचा. नारळाचं दूध, काजू, खसखस, असं सौम्य आणि दाट वाटण असेल तिथे ती खुलते. कोल्हापुरी पांढऱ्या रश्श्याबरोबर घेऊन बघा. पण त्याच बैठकीत वाटीत सोलकढी असेल, तर आधी वाईन संपवा आणि मग सोलकढी प्या.

बुडबुडे

फसफसणाऱ्या वाईनला सरसकट शॅम्पेन म्हणू नये; ते नाव फ्रान्सच्या त्या एका प्रांताचं. पद्धत मात्र तीच वापरता येते. तयार वाईन बाटलीत भरायची, थोडी साखर आणि यीस्ट घालून बंद करायची. आत पुन्हा आंबवण होतं, वायूला बाहेर जायला जागा नसते, म्हणून तो वाईनमध्येच विरघळतो. आतला दाब गाडीच्या टायरच्या जवळजवळ तिप्पट होतो. म्हणूनच बाटली जाड काचेची आणि बुचाला तारेची जाळी. उघडताना बूच हवेत उडवू नका. हातानं धरून हळूच फिरवा, डोळ्याला लागलं तर इजा गंभीर होते.

'ब्रूट' म्हणजे जवळजवळ बिनसाखरेची. हिच्यात आंबटपणा भरपूर आणि वर बुडबुडे, त्यामुळे तळलेल्या खारट पदार्थांसाठी तिच्यासारखी दुसरी नाही. गरम बटाटा भजी, कुरकुरीत बोंबील फ्राय, लसणीचा चिवडा, भाजलेले खारे काजू. मीठ आंबटपणाची धार कमी करतं, आंबटपणा तेल कापतो. लोक ही बाटली वाढदिवसाच्या केकसाठी राखून ठेवतात, आणि तिथेच ती सगळ्यात वाईट लागते. पेढा आणि चहाची गोष्ट इथेही लागू: गोड केकनंतर ड्राय वाईन नुसती आंबट लागते. भजी आधी, वाईन भज्यांबरोबर, केक नंतर.

रेड, आणि तिखटाचा प्रश्न

दिंडोरी रिझर्व्ह शिराझ ही सुलाची नावाजलेली रेड. शिराझच्या सालीत रोटंडोन नावाचं द्रव्य असतं, आणि काळ्या मिरीचा वासही त्याच द्रव्याचा. त्यामुळे ग्लासात मिरी भेटली तर नवल नाही. ही वाईन ओकच्या पिंपांत मुरवतात. पिंप आतून विस्तवावर भाजलेलं असतं, त्यातून थोडा धूर, थोडा व्हॅनिला वाईनमध्ये उतरतो.

हिच्यासाठी मटण. कारण तुरटपणाला चिकटायला प्रथिनं हवी असतात. नुसती प्यायलात तर तो लाळेतली प्रथिनं ओढून घेतो आणि तोंड कोरडं करतो. मटणाचा घास तोंडात असेल तर त्याला तिथेच प्रथिनं आणि चरबी मिळते, आणि तीच वाईन मऊ लागते. कोऱ्या चहात दूध घातल्यावर त्याचा तुरटपणा जातो, तसंच. सुक्या खोबऱ्याचं भाजलेलं वाटण, तीळ, मिरी, लवंग आणि अंगाबरोबर रस असलेलं मटण, सोबत बाजरीची भाकरी: शिराझसाठी याहून चांगलं ताट नाही. खानदेशी भरतालाही पिंपात मुरलेली रेड शोभते, कारण वांग्याच्या भाजक्या सालीचा धूर आणि पिंपाचा धूर एका घरचे वाटतात. फक्त हिरवी मिरची जरा हात राखून घाला.

हे हात राखणं महत्त्वाचं आहे. तिखट ही चव नसून ती एक प्रकारची आग आहे. तोंडात उष्णता ओळखणारे ग्राहक असतात, ते साधारण ४२ अंशांना जागे होऊन "भाजतंय" असा निरोप देतात. मिरचीतलं कॅप्सेसिन त्यांना थंड जेवणातही जागं करतं. आणि मद्यार्क तो उंबरठाच ३४ अंशांच्या आसपास खाली आणतो. शरीराचं तापमानच ३७! म्हणजे मिरचीनं पेटलेल्या तोंडावर जास्त मद्यार्काची वाईन ओतली की ती विझवत नाही, भडकवते. तुरटपणाही त्या जळलेल्या जिभेला खरखरीत लागतो. झणझणीत तांबड्या रश्श्याबरोबर महागातली रेड उघडणं म्हणजे तिच्यावर आणि रश्श्यावर, दोघांवर अन्याय आहे. तिखटाला लागतो थंडावा, थोडी साखर आणि कमी मद्यार्क. म्हणजे पुन्हा शेनिन, किंवा झिनफॅन्डेल या काळ्या द्राक्षाची रोझे, पिकलेल्या स्ट्रॉबेरीच्या वासाची आणि जिभेला सौम्य. मालवणी चिकन, झुणका, ठेचा लावलेलं काहीही, तिथे रोझे चांगली वाचवते. नाशिकच्या मिसळीबरोबर मात्र मी कुठलीच वाईन घेत नाही. तिथे ताकच हवं.

झिनफॅन्डेलची रेड शिराझपेक्षा कमी तुरट, जास्त फळाळ, दालचिनी-लवंगेच्या वळणाची. गोड्या मसाल्यातलं चिकन किंवा फणसाची मसालेदार भाजी असेल तर मी शिराझऐवजी हीच उघडते. शाकाहारी घरात रेड आवडत असेल तर सुरुवात इथून करा, कारण भाज्यांत तुरटपणाला धरायला मटणाइतकी प्रथिनं नसतात. 'रासा' ही त्यांची वरच्या दर्जाची, पिंपात जास्त मुरवलेली रेड. ती घेतलीत तर तिच्यापुढे मसाल्यांची गर्दी नको. मीठ, मिरी आणि तुपावर भाजलेल्या मटणाच्या चापा पुरेत.

शेवटचा गोड घोट

लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ लहान, अर्ध्या बाटलीत मिळते. नेहमीची काढणी झाल्यावरही घड वेलीवर तसेच ठेवतात. मणी सुकत मनुक्याकडे झुकतात, पाणी कमी होतं आणि साखर दाटते. यीस्टनं सगळी साखर खाण्याआधी आंबवणं थांबवतात. मध, जर्दाळू, पिकलेला आंबा असा वास. गोडधोडाबरोबर घ्यायच्या वाईनचा नियम एकच: ती पदार्थापेक्षा गोड हवी. पुरणपोळी, जिलबी, श्रीखंड यांच्यापुढे ही टिकत नाही, आपली पक्वान्नं तिच्यापेक्षा गोड आहेत. पण फणसाच्या सांदणाबरोबर घेऊन बघा. सांदणाचा गोडवा मऊ, तांदळाच्या रव्याचा आणि वर नारळाचं दूध. फणसाचा वास आणि वाईनचा वास हातात हात घालून येतात. गोड नको असेल तर उलट वाट धरा आणि खारट, उग्र वासाच्या चीजबरोबर घ्या.

पण आपलं ताट एकदम वाढलेलं असतं

आतापर्यंतचं सगळं एकेका पदार्थापुरतं झालं. वाईन-जेवणाची जुळणी जिथे जन्मली तिथे पदार्थ एकामागून एक येतात, दर वेळी ग्लास बदलता येतो. आपल्या ताटात डावीकडे लिंबू, लोणचं, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, उसळ, वाटीत आमटी, मध्ये वरण-भात. एका घासात आंबट, दुसऱ्यात तिखट, तिसऱ्यात गोड. इथे एका पदार्थाशी अचूक जुळणारी वाईन शोधून उपयोग नाही, कारण पुढच्याच घासाला ती पडते.

मी घरी करते ते असं. पूर्ण ताट असेल तर सगळ्यांशी मिळतंजुळतं घेणारी बाटली उघडते: आंबटपणा ताजा, गोडवा थोडा, तुरटपणा नाही, मद्यार्क कमी. म्हणजे शेनिन, नाहीतर रोझे, नाहीतर बुडबुड्यांची. आणि रेड उघडायची असेल तर ताटच आटोपशीर ठेवते: सुकं मटण, भाकरी, कांदा. लोणचं त्या दिवशी बरणीतच राहतं. लोणच्याचं मीठ, आंबट आणि मोहरीचा झणका एकत्र आले की कुठलीही वाईन हरते.

एक शेवटची गोष्ट तापमानाची, कारण चांगल्या जुळणीचं मातेरं बहुतेक वेळा इथेच होतं. "रेड रूम टेंपरेचरला प्यावी" हे वाक्य युरोपातल्या थंड घरांतून आलेलं आहे, तिथली खोली म्हणजे १६ ते १८ अंश. नाशिकच्या मे महिन्यात माझ्या स्वयंपाकघरात ३५ अंश असतात. एवढ्या गरम रेडमधून फक्त मद्यार्काचा भपका येतो. म्हणून रेडही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी. व्हाईट आणि रोझे दोन-तीन तास, आणि बुडबुड्यांची त्याहून गार. घाई असेल तर बादलीत पाणी, बर्फ आणि मूठभर मीठ घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवा, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. फिरकीच्या झाकणाची बाटली आडवी ठेवण्याची गरज नाही. ते फक्त लाकडी बुचासाठी, बूच ओलं राहावं म्हणून. उरलेली वाईन झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा, दोन-तीन दिवस चांगली राहते. रेड असेल तर तिला दुसऱ्या दिवशीचं, मसाला मुरलेलं मटण द्या.